सहावी आणि सातवी ओळ

दुधात पाणी आहे असं कुणी नुसतं सुचवलं, तरी रखमाबाई वाद घालत नसत. हातातलं अच्छेराचं माप त्या घराच्या पायरीसमोर, मोरीत, सावकाश उपडं करीत. चरवीवर फडकं बांधीत आणि पुढच्या दाराशी जात. मग त्या घराला महिनाभर दूध नाही. बरकतपुऱ्यातल्या एका तहसीलदारांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, "आज जरा पातळ वाटतंय हो." एवढंच. माप मोरीत गेलं. तहसीलदारांचा पट्टेवाला तीनदा येऊन विनवून गेला, तरी बाई हलल्या नाहीत. एकतिसाव्या दिवशी त्या आपण होऊन तहसीलदारांच्या दारात उभ्या राहिल्या आणि भांडं भरता भरता म्हणाल्या, "बगा बाईसाहेब, आज घट्ट झालंय का?"

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, धोब्याची, वर्गातल्या मुलींची, पाहुण्यांच्या अंथरुणांची. रखमाबाईंवर लिहायचं ठरवलं तेव्हाही आधी यादीच केली. बारा आठवणी निघाल्या. त्यांतल्या अकरा बाजूला ठेवते आणि दगडाची तेवढी सांगते. ती सांगितली म्हणजे बाई कशा होत्या ते कळेल, आणि मी तेव्हा कशी होते तेही.

गौलीगुड्यात आमचं बिऱ्हाड त्यांच्या गोठ्यापासून दोन घरं सोडून होतं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. रखमाबाई मूळच्या बीदरकडच्या कुणबी. नवरा तापानं गेला, दिरांनी शेतात उभं राहू दिलं नाही, तेव्हा दोन म्हशी हाकत आणि नामदेवला कडेवर घेऊन त्या पायी हैदराबादेत आल्या. गल्लीच्या तोंडाशी एक आड होता. आडाशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी खुंट ठोकला आणि गल्लीला सांगितलं, "ज्याला अडचण व्हईल त्यानं यावं, मी हितंच हाय." कुणी आलं नाही.

समोर शेख हुसेन टांगेवाले राहत. त्यांच्या घोड्याचा आणि रखमाबाईंच्या म्हशींचा कडबा एकाच गाडीतून यायचा. हुसेनमियांची बायको लवकर वारली होती. दोन मुलगे, धाकटा युसुफ नामदेवच्या बरोबरीचा. दोघं सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन निघत, एक हिमायतनगरकडे, दुसरा बरकतपुऱ्याकडे. परत आल्यावर युसुफ शाळेत जाई आणि नामदेव शाळेत जातो असं सांगून आडात पोहत असे. युसुफ सातवीपर्यंत शिकला. नामदेवनं दुसरीतच पाटी फोडली.

महायुद्धाच्या काळात आमच्या गल्लीतून अकरा जण फौजेत भरती झाले. हे दोघं एकाच दिवशी सिकंदराबादेला गेले आणि रांगेत एकामागे एक उभे राहिले. युसुफ पुढे, नामदेव मागे. घरचा पत्ता विचारला तेव्हा दोघांनीही एकच सांगितला: रखमाबाई गवळण, आडाजवळ, गौलीगुडा. हुसेनमियां दिवसभर टांगा-स्टँडवर असत. पोस्टमनला गोठा मात्र बरोबर ठाऊक होता.

महिन्याला एक कार्ड यायचं, दोघांचं मिळून. नामदेवला लिहिता येत नव्हतं म्हणून अक्षर युसुफचं, आणि उर्दूत. संस्थानात आम्ही सगळे उर्दूतूनच शिकलेलो, त्यामुळे वाचायला ते माझ्याकडे येई. सुरुवात ठरलेली असे: "अम्मा को नामदेव का रामराम और युसुफ का सलाम." मग नामदेवनं सांगितलेला मजकूर, आणि मध्येच युसुफची स्वतःची भर. "नामदेव बोलता है उसको बुखार था. झूठ है अम्मा. आम खा खा के पेट बिगाड़ लिया." हे ऐकून रखमाबाई माझ्यावरच डाफरत, "लिही त्याला, मास्तरीणबाई, आईला फशिवतो व्हय रं, मुडद्या!" मी लिही. मुडदा हा शब्द मी तेवढा गाळत असे.

एका कार्डाची सुरुवात निराळी होती. "अम्मा, आज नामदेव का रामराम नहीं है." माझी नजर पुढे धावली आणि मी थांबले.

"वाच," रखमाबाई म्हणाल्या. "थांबलीस कामून?"

मी वाचलं. युसुफनं काही लपवलं नव्हतं. कुठं लागलं, किती वेळ होता, शेवटी काय म्हणाला, सगळं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं की पुढच्या महिन्यापासून कार्ड मी एकटा लिहीन, पण लिहीन. त्यानं एक लिहिलं. त्यानंतर सरकारी शिक्क्याचा छापील कागद आला. त्यात युसुफचं नाव, नंबर, आणि दिलगिरीच्या दोन ओळी. रखमाबाईंनी तो उलटून पालटून पाहिला. "बस? एवढंच? नामदेवचं मला युसुफनं सांगितलं. युसुफचं सांगाया कुणीच न्हाई का?"

तो कागद त्यांनी कार्डांच्या पुडक्यात ठेवला, पुडकं पिठाच्या डब्यात ठेवलं, आणि धार काढायला गेल्या.

मग पुढची वर्षं आली. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. युसुफचा थोरला भाऊ रझाकारांत गेला. तलवार कमरेला लावून तो आमच्या गल्लीतून फिरे आणि आम्ही दारं लावून घेत असू. गोविंदराव वकिलांच्या बहिणीचा मुलगा गावाकडे रझाकारांच्या हातून मारला गेला. गोविंदराव आमच्या गल्लीतले सगळ्यांत शहाणे गृहस्थ. त्यांच्याकडे रडायला गेलेल्यांना त्यांनी पाणी दिलं, स्वतः कुणासमोर रडले नाहीत. पोलीस ॲक्शन झाली, इंडियन फौज शहरात आली, आणि महिन्याभरात हुसेनमियांच्या दाराला कुलूप लागलं. थोरला बापाला घेऊन सरहद्दीपार गेला असं कळलं. आता त्या घरात एक शिंपी राहू लागला.

फौजेवर फुलं उधळून झाल्यावर कुणालातरी आठवलं, याच फौजेत आपल्याही गल्लीची पोरं गेली होती की! अकरा गेली, सहा परत आली. त्यांच्या नावांचा दगड का असू नये? कल्पना सगळ्यांना आवडली. पाच जणांची कमिटी झाली. गोविंदराव अध्यक्ष, मी चिटणीस. जागा एकच होती, आडाशेजारची. रखमाबाईंना विचारायला गेलो तर त्यांनी त्याच दुपारी खुंट उपटला आणि म्हशी घरामागच्या बोळात नेल्या. "पोरास्नी जागा लागली तर म्हशींनी सरकावं, त्यात इचारायचं काय?"

मी नियम केले. तीन कलमं, स्वच्छ अक्षरात. एक: नाव गल्लीतल्या रहिवाशाचं असावं. दोन: नावासाठी स्वतः सैनिकाचा किंवा हयात रक्ताच्या नातेवाइकाचा अर्ज असावा. तीन: क्रम भरतीच्या तारखेप्रमाणे असावा. दुसरं कलम मी कुणाला वगळण्यासाठी लिहिलं नव्हतं. नावं शुद्ध यावीत, मागाहून तक्रार नको, एवढाच माझा हेतू होता. गोविंदरावांनी ते वाचलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम. अगदी कायदेशीर." ते का खूश झाले हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

अर्ज दहा आले. यादी पक्की करायला गोविंदरावांच्या ओसरीवर सभा भरली. परत आलेल्या सहांपैकी तिघे हजर होते. मी नावं वाचली. रखमाबाई चरवी घेऊन पायरीपाशी उभ्या होत्या. यादी संपली.

"धा झाली," त्या म्हणाल्या. "अकरावा?"

मी वही चाळायचं नाटक केलं. गोविंदराव म्हणाले, "अर्ज आला नाही, रखमाबाई."

"कुणी देवावा? बाप गेला, भाऊ गेला. मी देते. लिही गं मास्तरीणबाई."

"नातं?" मी विचारलं. कलमाप्रमाणे विचारावं लागत होतं.

"शेजारीण."

एकजण हसला. गोविंदराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बाई, शेजार हे रक्ताचं नातं नव्हे. आणि आता स्पष्टच बोलतो. ज्याच्या भावानं या गल्लीत तलवार मिरवली, त्याच्या घराण्याचं नाव मी माझ्या दारासमोर रोज वाचणार नाही. माझ्या बहिणीला मी काय सांगू?"

"सांगा की तिला, ह्यो त्यो न्हवं."

"घर तेच ना?"

"म्हंजे वकीलसाहेब, भावाचं केलेलं भावाला लागतं? मंग तुमच्या धाकट्या भावानं मिल्ट्रीचं कापड चोरून बाजारात इकलं, तवा तुमची सनद कामून न्हाई गेली?"

गोविंदरावांचे कान लाल झाले. परतलेले तिघे सैनिक जमिनीकडे बघत होते. ते युसुफबरोबर एकाच छावणीत जेवले होते. त्यांच्यापैकी एकाचा आजार युसुफनं रात्र रात्र बसून काढला होता, हे मला कार्डावरून ठाऊक होतं. तो आपल्या चपलेचा अंगठा नीट करत बसला.

"कमिटीचा निर्णय झाला," गोविंदराव म्हणाले.

"बरं. मंग माझाबी झाला. नामदेवचं नाव खोड."

"रखमाबाई, अहो, तो तुमच्या मुलाचा मान आहे!"

"माझं पोरगं त्याच्या मागं रांगेत हुबं ऱ्हायलं. त्याच्या हातानं मला रामराम धाडलं. मेलं ते बी त्याच्याच मांडीवर. आता दगडावर त्याला सोडून एकलं बसंल व्हय? न्हाई बसायचं. खोड म्हंते ना!"

गोविंदराव म्हणाले, नामदेवचं नाव राहील. आईचं डोकं ताळ्यावर येईल. तेव्हा माझ्यातली चिटणीस जागी झाली. मी म्हणाले, "कलम दोन. अर्ज मागे घेतला तर नाव ठेवता येत नाही." हे मी धैर्यानं म्हटलं नाही, सवयीनं म्हटलं. लाल पेन्सिलीनं नामदेवच्या नावावर रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मारकाच्या नव्या चौथऱ्याला म्हैस बांधलेली होती.

कपाळावर पांढरा चांद असलेली थोराड म्हैस. चौथऱ्याच्या कोपऱ्याला दावं, समोर वैरण, मागे जे असतं ते. गोविंदरावांच्या दारातून पाच पावलांवर. ते बाहेर आले आणि ओरडले, "ही काय विटंबना आहे?"

"विटंबना कशाची? चौथरा मोकळा हाय, दगड आला न्हाई. माझ्या पोराची जागा हुती म्हनून दिली हुती. पोराचं नाव न्हाई, तर जागा माझी. म्हस तर नामदेवनंच वाढवलेली."

चार दिवस हेच चाललं. कमिटीनं ठराव केला. ठराव मी लिहिला. म्हशीला तो वाचता येईना. मग पोलीसचौकीतून एक शिपाई आला, बहुधा नुकताच बाहेरून बदलून आलेला. त्यानं दाव्याला हात घातला. रखमाबाई बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सोडा की, साहेब. मी न्हाई आडवत. फक्त मागनं जाऊ नका." तो पुढून गेला. म्हशीनं मान हलवली आणि त्याची टोपी आडात पडली. रखमाबाईंनी स्वतः पोहऱ्यानं ती काढून दिली, वर पावशेर दूध पाजलं. शिपाई परत गेला आणि त्यानं चौकीवर काय सांगितलं कोण जाणे, पुन्हा कुणी आलं नाही.

इकडे दगड तयार होत होता. यल्लय्या पाथरवटानं काळा दगड घासून आरशासारखा केला होता. फौजेतले एक कर्नलसाहेब अनावरणाला यायचं कबूल झाले होते. शेवटी कमिटीनं मला पाठवलं. मी चार मुद्दे काढून घेतले आणि दुपारी रखमाबाईंच्या घरी गेले.

पहिला मुद्दा पुरा होण्याआधीच त्यांनी पिठाचा डबा पुढे केला. "आधी हे वाच. मंग तुझं."

मी सगळी कार्डं वाचली, पहिल्यापासून. आंब्याचं, बुटांचं, पावसात भिजलेल्या पिठाचं. एकात नामदेवनं विचारलं होतं की आई आता कुणाशी भांडते. एकात युसुफनं हळूच लिहिलं होतं की नामदेव झोपेत म्हशीला हाक मारतो, सगळी बराक हसते. शेवटच्या कार्डाला आले तेव्हा लक्षात आलं, माझे चार मुद्दे असलेला कागद मी घडी घालून घालून चिंचोक्याएवढा केला होता.

"रखमाबाई," मी म्हणाले, "ते दुसरं कलम माझं आहे. गोविंदरावांचं नाही. मीच लिहिलं."

त्यांनी कार्डं डब्यात परत ठेवली. मला वाटलं, आता माप उपडं होणार.

"मंग खोड की तूच," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचं खोडलंस, त्येबी लाल पेन्सिलीनं. कलम काय लोखंडाचं हाय?"

पुढच्या सभेत मी कलम रद्द करायचा प्रस्ताव मांडला. बाजूनं हात एक, माझा. विरुद्ध चार. गोविंदराव मला म्हणाले, "तुम्ही भावनेच्या आहारी जाल असं वाटलं नव्हतं." मी म्हणाले, "मलाही नव्हतं वाटलं." इतिवृत्तात दोन्ही वाक्यं नोंदवली.

पण क्रम लावायचं काम चिटणिसाचं होतं. कलम तीनप्रमाणे सहावा क्रमांक युसुफचा होता आणि सातवा नामदेवचा. मी यल्लय्याला पक्की यादी दिली ती अकरा ओळींची. पाचव्या नावानंतर दोन ओळी कोऱ्या, मग उरलेली चार नावं. यल्लय्याला मराठी वाचता येत नसे, पण कोरी जागा कुणालाही वाचता येते. तो म्हणाला, "अम्मा, बीच में इत्ता जगा कायकू छोड़े?"

"छोड़ो. बाद में होता."

"हौ," तो म्हणाला, आणि त्यानं सोडली.

मी हे रखमाबाईंना सांगितलं. त्या गोवऱ्या थापत होत्या. हात थांबले. "कोऱ्या ठिवल्यास? मधीच?" मी मान हलवली. त्या उठल्या, हात धुतले आणि जाऊन चौथऱ्याचं दावं सोडलं. स्वतः बादल्या ओतून चौथरा धुतला. गल्लीला वाटलं, बाई नमल्या. गोविंदरावांनी तर मला शाबासकी दिली.

अनावरणाच्या दिवशी पडदा सरकला, टाळ्या वाजल्या, आणि मग गोविंदरावांना ती जागा दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलक्या आवाजात म्हणाले, "कलम तीन." कर्नलसाहेब शिस्तीचे होते. त्यांनी वरून खाली नावं वाचली, मधल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये दो लाइनें ख़ाली क्यों हैं?"

गोविंदरावांनी घसा साफ केला. उत्तर मागून आलं.

"भरायच्या हायत, साहेब! एक शेख युसुफ, एक नामदेव. दोगंबी तुमच्याच फौजेत मेले. ह्यांचं मन व्हायचं हाय आजून."

कर्नलसाहेबांना किती मराठी कळलं माहीत नाही. नावं कळली. त्यांनी टाचा जुळवल्या आणि त्या कोऱ्या जागेला सलाम केला. परतलेल्या त्या तिघांनी मग एकेक करून केला. ज्याचा आजार युसुफनं काढला होता तो सगळ्यांत शेवटी उठला आणि त्याचा हात कपाळावरून लवकर खाली येईना.

दगड तसाच राहिला, एका वर्षापुरता नाही, आठ-नऊ वर्षं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कोरलेली नऊ नावं येणाराजाणारा कुणी वाचत नसे. सगळे विचारत ते मधल्या जागेचं. पाहुणे विचारत, पोस्टमन विचारत, वरातीला आलेले बँडवाले विचारत. आणि रखमाबाई गोठ्यातून सांगत, न कंटाळता, प्रत्येकाला पहिल्यापासून. गल्लीतल्या लहान पोरांना ती दोन नावं सगळ्यांत आधी पाठ झाली. कमिटीनं एकदा त्या जागी नक्षीचं कमळ कोरायचा विचार केला. रखमाबाईंनी एवढंच विचारलं, "कमळ सोडताय, का म्हस बांधू?" कमळ बारगळलं. कमिटीनं नामदेवचं एकट्याचं नाव घालू असंही दोनदा कळवलं. दोन्ही वेळा निरोप्यासमोर माप मोरीत गेलं.

गोविंदरावांच्या घरचं दूध त्यांनी कधी तोडलं नाही, हे मुद्दाम सांगते. मी एकदा कारण विचारलं. "त्येंच्या बहिणीचं लेकरू गेलंय," त्या म्हणाल्या. "त्ये दुःख खरं हाय. त्येंचा हिशोब चुकलाय तेवढा." भाचा गेला त्या तिथीला त्या वकिलांकडे पैसे न घेता दूध ठेवून येत, आणि येताना वकिलांशी एक शब्द बोलत नसत.

मग संस्थान तीन राज्यांत वाटलं गेलं. मराठी घरं एकेक करून औरंगाबाद, पुण्याकडे निघाली. गोविंदरावांच्या मुलाला औरंगाबादेत नोकरी लागली आणि तो वडिलांना न्यायला आला. सामान बांधून झालं, तेव्हा गोविंदराव काठी टेकत आडापाशी आले. मी रखमाबाईंशी बोलत उभी होते. त्या आता वाकल्या होत्या. म्हैस एकच उरली होती.

"रखमाबाई," ते म्हणाले, "यल्लय्याला बोलावलं आहे. दोन्ही नावं घालून घ्या. अर्धवट काम मागे ठेवून जाणं मला जमत नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही. क्रमानं. चिटणीसबाईंच्या कलम तीनप्रमाणे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

यल्लय्या आला. म्हातारा झाला होता, पण हात स्थिर होता. मी खडूनं अक्षरं काढून दिली. त्यानं टाकी दगडाला लावली आणि थांबला. त्याची एक रीत होती. नाव कोरण्याआधी ज्यानं दगड घडवून घेतला त्यानं ते तोंडानं सांगायचं, मगच पहिला घाव. नऊ नावांच्या वेळी गोविंदरावांनीच अध्यक्ष म्हणून ती सगळी पहिल्या घावाआधीच एकदम सांगितली होती आणि ते घरी परतले होते. यल्लय्या वर बघून म्हणाला, "पैले नाम बोलो साब. बाद में मारता."

मी सांगणार होते. रखमाबाईंनी माझा दंड धरला.

"तुमी सांगा, वकीलसाहेब. दगड तुमच्या कमिटीचा."

गोविंदराव काठीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "त्या घरातला" असंच ते म्हणत. शेवटी ओठ हलले.

"युसुफ."

यल्लय्यानं कानाशी हात नेला. "क्या बोले?"

"म्हातारा बहिरा झालाय, साहेब," रखमाबाई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

"शेख युसुफ."

"ऐकू न्हाई गेलं त्याला. आनि बापाचं नावबी घ्या. बाकीच्यांचं घेतलं हुतं."

गोविंदरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा रागानं भरला होता, आणि दुसऱ्याही कशानं तरी. कोर्टात लावत असतील तसा आवाज त्यांनी लावला. शिंप्यानं मशीन थांबवलं, वरच्या मजल्यांवरच्या बायका खिडक्यांत आल्या.

"शेख युसुफ! वल्द शेख हुसेन! राहणार गौलीगुडा!"

"हौ साब, सुना," यल्लय्या म्हणाला, आणि त्यानं पहिला घाव घातला.

गोविंदराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांना धाप लागली होती. रखमाबाईंनी पदरानं चौथऱ्याची धूळ झटकली आणि त्यांना बसायला जागा केली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता जावा तुमी औरंगाबादला, सुखानं."